व्हिसा एकीचा, व्हॅन दोघांची: ऑस्ट्रेलियातील वर्किंग हॉलिडे आणि टली ते सिडनी प्रवास

तापीकाठची

ऑस्ट्रेलियाने भारतीयांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’, म्हणजे सबक्लास ४६२ हा व्हिसा खुला केल्यापासून ओळखीतली जोडपी मला एकच प्रश्न विचारतात: “आम्हा दोघांना एकत्र जाता येईल का?” एकत्र फिरता येते, एकत्र अर्ज मात्र करता येत नाही. या व्हिसात नवराबायको ही दोन स्वतंत्र माणसे असतात आणि सोडतीत दोघांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या पडतात.

पहिल्या सोडतीची नोंदणी १ ते ३१ ऑक्टोबर २०२४ या काळात झाली. जागा १,००० होत्या, नोंदणीचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास नावे आल्याचे तिकडच्या मंत्र्यांनी सांगितले होते. आम्ही दोघांनीही नोंदणी केली. माझे नाव निघाले, नवऱ्याचे निघाले नाही. वय १८ ते ३०, बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि खात्यात परतीच्या तिकिटाखेरीज सुमारे ५,००० डॉलर, या अटी मी पूर्ण करत होते. पण जोडीदाराला किंवा मुलाला त्याच अर्जात बसवण्याची सोयच या व्हिसात नाही.

शेवटी नवऱ्याने पर्यटक व्हिसा काढला आणि त्याला तीन महिने राहण्याची मुभा मिळाली. त्यावरून आमचा बेत आपोआप ठरला: आधी मी एकटीने जाऊन कमवायचे, मग त्याने यायचे आणि दोघांनी मिळून ते खर्च करायचे. हे घरी सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे तू राबायचे आणि याने गाडीत बसायचे?” खरे सांगायचे तर बेत तेवढाच होता.

मी मार्च २०२५ मध्ये केर्न्सला उतरले आणि एप्रिलपासून तिथून दक्षिणेला सुमारे १४० किलोमीटरवर असलेल्या टली या गावी केळीच्या शेडमध्ये चौदा आठवडे काम केले. जळगाव जिल्ह्यातली मुलगी सातासमुद्रापलीकडे जाऊन केळीच धुते, यावर घरच्यांनी यथेच्छ हसून घेतले. टली हे ऑस्ट्रेलियातील सर्वांत पावसाळी गावांपैकी एक आहे. गावात सोनेरी रंगाचा ७.९ मीटर उंचीचा एक प्रचंड गमबूट उभा केला आहे, कारण १९५० साली तिथे तेवढाच, म्हणजे ७,९०० मिलिमीटर पाऊस पडला होता. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. टलीत पहिल्या पंधरवड्यात माझा एकही कपडा पूर्ण वाळला नाही.

नवरा २० जुलैला आला. केर्न्समध्ये आम्ही ७,५०० डॉलरला जुनी टोयोटा हायएस घेतली. मागे लाकडी पलंग, त्याखाली खण, एक पाण्याची टाकी आणि एका बटणाचा गॅस, एवढाच तिचा संसार होता. क्वीन्सलँडमध्ये नोंदणी असलेली गाडी विकताना विक्रेत्याला सुरक्षा प्रमाणपत्र द्यावे लागते. ते आम्हाला मिळाले होते, आणि दोन डॉलर भरून गाडीवर कुणाचे कर्ज थकलेले नाही ना, हेही आम्ही सरकारी नोंदवहीत पाहिले होते. तरीही फसलो. त्या प्रमाणपत्रासाठी ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे, गंज असल्या गोष्टी तपासतात, इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेशी त्याचा संबंध नसतो, हे आम्हाला मॅकायच्या पश्चिमेला यंगेलाचा घाट चढताना कळले.

तो घाट लांबीने फारसा नाही, पण चढ इतका उभा आहे की कसारा घाट त्यापुढे सौम्य वाटावा. दुसऱ्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. नवऱ्याने घाईने रेडिएटरचे झाकण उघडायला हात पुढे केला, तेव्हा मी जन्मात ओरडले नसेन एवढ्या मोठ्याने ओरडले. पाऊण तास थांबून, झाकणावर ओला पंचा टाकून ते सावकाश उघडले, तर आत पाणी जवळपास नव्हतेच. रेडिएटरच्या खालच्या कडेला कुणीतरी डिंकासारखे काहीतरी लावून चीर बुजवली होती आणि त्यावर काळा रंग मारला होता. विकणारा गृहस्थ बोलायला फार गोड होता.

त्या रात्री टाकीतले पिण्याचे पाणी रेडिएटरमध्ये ओतत ओतत आम्ही वर पोहोचलो. पहाटे ब्रोकन रिव्हरच्या काठावरील लाकडी मचाणावर गेलो तेव्हा अंगात स्वेटर होते आणि मनात एकमेकांविषयी फारसे प्रेम नव्हते. पाण्यावर आधी बुडबुड्यांची एक रेघ उमटली, मग तपकिरी पाठ दिसली आणि मग चपटी चोच. तो प्लॅटिपस होता, आणि मी कल्पिला होता त्याच्या निम्म्यानेही मोठा नव्हता. आम्ही चाळीस मिनिटे एक अक्षर न बोलता उभे होतो. रेडिएटर मॅकायला परतून बदलला आणि त्याचे ६४० डॉलर झाले.

पुढचा मार्ग ब्रूस हायवेने रॉकहॅम्प्टन, सेव्हन्टीन सेव्हन्टी (हे गावाचेच नाव), हर्वी बे, ब्रिस्बेन आणि मग पॅसिफिक हायवेने सिडनी असा होता. सगळा प्रवास अकरा आठवड्यांचा झाला. विशिष्ट माहिती हवी असल्यास विचारावी.

शंकासूर

लेखन आवडले, पण एक शंका आहे. आपण उच्चशिक्षित दिसता. परदेशात जाऊन तीन महिने केळी धुणे याला आपण अनुभव म्हणता, पण तिथल्या शेतमालकाला स्वस्तात मजूर हवे आहेत आणि त्यासाठी ‘हॉलिडे’ हा गोड शब्द वापरला आहे, असे वाटत नाही का?

तापीकाठची

वाटते, आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या वर्षात ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचे तीन महिन्यांचे काम करावे लागते. ही अट सरकारने पर्यटकांच्या भल्यासाठी घातलेली नाही, शेतांना हात हवेत म्हणून घातली आहे. मात्र ‘स्वस्तात’ या शब्दाशी मी सहमत नाही. मला ताशी सुमारे ३० डॉलर मिळत होते, कारण कायम नसलेल्या कामगाराला किमान वेतनावर २५ टक्के जादा द्यावे लागतात. एप्रिल २०२२ पासून बागायतीत नगावर काम करणाऱ्यालाही ताशी किमान वेतनाची हमी आहे. नियम कागदावर चांगले आहेत. ते मोडणारेही आहेत, म्हणून प्रत्येक पगारपत्रक जपून ठेवावे. दुसऱ्या व्हिसासाठी पुरावाही तोच लागतो. सलग पूर्णवेळ काम केले तर तीन कॅलेंडर महिने धरतात, तुटक केले तर प्रत्यक्ष कामाचे ८८ दिवस मोजून भरावे लागतात.

शिक्षणाचे म्हणाल तर शेडमध्ये माझ्या डाव्या हाताला एक फ्रेंच वकील होती आणि फणी कापण्यात ती माझ्याहून कच्ची होती.

केळीवाला

ताई, मी रावेर तालुक्यातला बागायतदार आहे. आपल्याकडे घड कापून बागेतच पानांवर ठेवतात आणि तिथून गाडीत भरतात, त्यात मालाला किती डाग पडतात ते मला माहीत आहे. तिकडची पद्धत जरा सविस्तर सांगाल का? आणि पनामा मर रोगाचे तिकडे काय झाले?

तापीकाठची

दादा, या प्रश्नाची मी वाटच पाहत होते.

घड कापायला दोघे लागतात. एक जण खोडाला अर्धवट घाव घालतो, त्यामुळे खोड हळूहळू वाकते आणि घड दुसऱ्याच्या खांद्यावरील गादीवर अलगद उतरतो. मग पहिला दांडा तोडतो. घडाचे वजन चाळीस किलोच्या पुढे सहज जाते, त्यामुळे हे काम बहुतेक पुरुषच करतात आणि पहिल्या आठवड्यातच निम्मे पळून जातात. घड गादी घातलेल्या ट्रेलरवरून शेडपर्यंत येतो आणि तिथे आकड्याला टांगला जातो. तो जमिनीला कधीच टेकत नाही. डाग न पडण्याचे मुख्य कारण मला तरी हेच दिसले.

बागेत असताना प्रत्येक घडावर प्लास्टिकची पिशवी असते. आपल्याकडे आता स्कर्टिंग बॅग वापरतात तसाच तो प्रकार आहे, पण तिथे आठवड्यागणिक खुणेचा रंग बदलतात आणि रंग पाहूनच कोणता घड कापायला आला ते ओळखतात. पिशवी काढली की आतून हिरवे बेडूक टपाटप उड्या मारतात. एकदा अजगराचे एक पिल्लू निघाले, तेव्हा शेडमधले सर्व जण टेबलांवर चढले आणि पर्यवेक्षक बाईंनी ते हाताने उचलून बांधावर नेऊन सोडले.

आकड्यावरच्या घडाच्या फण्या वाकड्या सुरीने कापून पाण्याच्या हौदात सोडतात. पाण्यात चीक धुतला जातो. आम्ही हौदाच्या कडेला उभ्या राहून फणीचे पाच-सहा केळ्यांचे झुपके करत असू आणि वाकडे, जुळे, ओरखडलेले केळ बाजूला टाकत असू. जे टाकले जाते ते पाहून जीव तुटतो, कारण त्यातले बरेचसे आपल्या बाजारात एक नंबर म्हणून गेले असते. चिकाचे तपकिरी डाग मात्र तिथेही आपल्यासारखेच जात नाहीत. माझे ते दोन शर्ट शेवटी व्हॅनची काच पुसायला कामी आले.

मर रोगाविषयी: टलीत मार्च २०१५ मध्ये तो रोग घडवणाऱ्या बुरशीची ‘टीआर ४’ ही जात सापडली. ज्या शेतात ती पहिल्यांदा सापडली ते पुढे केळी उत्पादकांच्या संघटनेनेच विकत घेऊन बंद केले. ही बुरशी मातीतून पसरते आणि जमिनीतून काढता येत नाही, म्हणून शेताचे बूट शेतातच राहतात, गाड्यांची चाके औषधाच्या पाण्याने धुतली जातात आणि पाय बुडवल्याशिवाय फाटकातून आत जाता येत नाही. पहिल्या दिवशी मी घरून आणलेले बूट घालून गेले होते, तर मला फाटकाबाहेरच उभे केले. आपल्याकडे बिहार आणि उत्तर प्रदेशात हा रोग आलेला असताना एका बागेतली कुदळ दुसऱ्या बागेत बिनधास्त फिरते, हे तिथून परतल्यावर फार खटकते.

ब्रिस्बेनवासी

मी इथे बरीच वर्षे राहतो, म्हणून काही पुरवण्या जोडतो.

पहिली गोष्ट आपल्या यजमानांसारख्या पर्यटक व्हिसावरील व्यक्तींसाठी आहे. हॉस्टेलमध्ये रोज दोन तास साफसफाई करून मोफत खाट मिळवणे हेही कामच धरले जाते. पगार हातात पडला नाही म्हणजे ते काम नाही, असा गैरसमज अनेकांचा असतो. दुसरी गोष्ट विम्याची. गाडीच्या नोंदणीबरोबर येणारा सक्तीचा विमा फक्त माणसांच्या दुखापतीपुरता असतो. आपण कुणाच्या महागड्या गाडीला ठोकले तर तिचा खर्च आपल्याच खिशातून जातो, म्हणून तृतीय पक्षाच्या मालमत्तेचा विमा वेगळा घ्यावाच. तिसरी गोष्ट, भारतीयांना इथल्या सरकारी आरोग्य योजनेचा लाभ मिळत नाही, तेव्हा आरोग्य विमाही बरोबर हवा.

आणि शहराबाहेर तिन्हीसांजेनंतर गाडी चालवू नये. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे रस्त्याकडेच्या गवतावर येतात आणि हेडलाइट दिसल्यावर पळून जाण्याऐवजी थेट समोर उडी मारतात.

तापीकाठची

आभार. विमा आम्ही घेतला होता, सुमारे २०० डॉलर पडले. यंगेलाच्या घाटातली ती रात्र सोडली, तर संध्याकाळी पाचनंतर गाडी हलवायची नाही हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला. टलीजवळच्या मिशन बीचच्या रस्त्यावर तर कॅसोवरी या पुरुषभर उंचीच्या पक्ष्यासाठी पाट्या आहेत आणि तो दिवसाढवळ्या रस्ता ओलांडतो.

पाट्यांवरून आठवले. ब्रूस हायवेच्या कंटाळवाण्या पट्ट्यांत चालकाला झोप येऊ नये म्हणून सामान्यज्ञानाचे प्रश्न लिहिलेल्या पाट्या आहेत आणि उत्तर काही किलोमीटर पुढे असते. नवरा गाडी चालवताना उत्तरे द्यायचा आणि चुकले की पाटीच चुकीची असल्याचे सांगायचा.

हिशेबनीस

सर्व छान आहे, पण आकडे एका ठिकाणी मांडाल का? चौदा आठवड्यांच्या कामावर अकरा आठवड्यांचा प्रवास खरोखर निघाला का?

तापीकाठची

जेमतेम निघाला. आठवड्याला सरासरी ३६ तास धरून चौदा आठवड्यांत सुमारे १५,१०० डॉलर झाले. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापतात, तो जाऊन १२,८५० उरले. मालकाने वर्किंग हॉलिडेसाठी करखात्याकडे नोंदणी केलेली नसेल तर कापणी याहून बरीच जास्त होते, म्हणून हे कामाला लागण्यापूर्वीच विचारावे. हॉस्टेलचे आठवड्याला २१० आणि जेवणखाण धरून ११० गेले. शिल्लक राहिले साधारण ८,३७०.

प्रवासात गाडी ७,५०० ला घेऊन सिडनीत ६,००० ला विकली, म्हणजे तिचे १,५०० गेले. ही आमची दुसरी चूक. क्वीन्सलँडची नोंदणी असलेली गाडी न्यू साउथ वेल्समध्ये विकायला काढली की नोंदणी बदलण्याच्या कटकटीमुळे गिऱ्हाईक भाव पाडते. फिरत फिरत एकूण ४,६०० किलोमीटर झाले, त्याला पेट्रोल १,१०० डॉलरचे लागले. ७७ रात्रींपैकी ३० फुकट काढल्या, उरलेल्यांचे १,३०० झाले. दोघांचे खाणे २,३००, रेडिएटर ६४०, विमा २०० आणि हर्वी बेची व्हेल सफर धरून इतर ६००. एकूण ७,६४० होतात. यात विमानाची तिकिटे आणि व्हिसाचे शुल्क धरलेले नाही, ते धरले तर आम्ही तोट्यात आहोत.

निवृत्तिनिधीत मालकाने भरलेले सुमारे १,७५० डॉलर देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर मागता येतात, पण वर्किंग हॉलिडेवाल्यांकडून त्यावर ६५ टक्के कर घेतात. त्यामुळे हाती येतील तेव्हा फार तर ६१० येतील. त्या पैशांवर कोणतेही बेत आखू नयेत.

नवी_वाटसरू

ताई, आमचे लग्न नुकतेच झाले आहे आणि आम्ही असाच विचार करत आहोत. मला काळजी आहे ती अंघोळ, स्वच्छतागृह आणि जेवणाची. शिवाय अकरा आठवडे दिवसरात्र एकाच गाडीत एकमेकांबरोबर राहणे जमते का?

तापीकाठची

पहिल्या तिन्हींची चिंता करू नका. जवळजवळ प्रत्येक गावात स्वच्छ सार्वजनिक स्वच्छतागृह असते आणि समुद्रकिनाऱ्यावर अंघोळीची सोय असते, पाणी मात्र बहुधा थंड असते. विकीकॅम्प्स या अ‍ॅपवर फुकट आणि स्वस्त मुक्कामाच्या जागा लोकांच्या शेऱ्यांसह सापडतात. पाटी नीट वाचल्याशिवाय समुद्राकाठच्या प्रसिद्ध गावांत रस्त्यावर झोपू नये, दंड होतो. त्यापेक्षा छोट्या गावांची जत्रेची मैदाने बरी, तिथे थोड्या पैशांत वीजही मिळते.

जेवणासाठी तिथल्या बागांमधील विजेच्या फुकट शेगड्या म्हणजे खरे वरदान आहे. एक बटण दाबले की सपाट पोलादी तवा तापतो आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होतो, मग पुन्हा दाबायचे. आदल्या माणसाच्या सॉसेजची चरबी गरम पाण्याने खरवडून काढावी लागते आणि शाकाहारी असाल तर वर फॉइल अंथरावे. त्या तव्यावर एका वेळी चार थालीपिठे बसतात. बोवेनच्या किनाऱ्यावर मी थालीपीठ थापत असताना शेजारचे एक आजोबा बराच वेळ पाहत होते. मधे भोक कशाला पाडता, असे त्यांनी विचारले. तेल सोडायला, असे सांगितल्यावर ते समजुतीने मान हलवून गेले आणि स्वतःच्या पॅनकेकला भोक पाडून आले. खान्देशी भरीत मात्र जमले नाही. तिथले गडद जांभळे वांगे पाणचट असते आणि एका बटणाच्या गॅसवर ते भाजण्याऐवजी उकडल्यासारखे होते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर असे की भांडणे झाली, आणि त्यांतली सर्वांत वाईट पैशांवरून झाली. कमाई माझी आहे हे तो विसरत नव्हता आणि मी विसरू देत नव्हते. रॉकहॅम्प्टनला मकरवृत्ताच्या खांबाजवळ आम्ही कडाक्याचे भांडलो, कारण त्याने न विचारता ४० डॉलरची खुर्ची घेतली होती. त्यानंतर ठरले की आठवड्याचे पैसे एका डब्यात ठेवायचे आणि ते दोघांचे समजायचे, डब्याबाहेरचे कुणी मोजायचे नाही. हा डबा आम्ही पहिल्याच दिवशी ठेवायला हवा होता. तुमच्यातही एकालाच व्हिसा मिळाला तर गाडी घेण्याआधी हे बोलून घ्या. खुर्ची चांगली होती, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.

केळीवाला

वाटेत आणखी कुठे केळी दिसली का?

तापीकाठची

दिसली, न्यू साउथ वेल्समध्ये कॉफ्स हार्बरच्या थोडे अलीकडे वुलगूल्गा या गावी. तिथे डोंगरउतारावर पंजाबी शीख कुटुंबे कित्येक पिढ्या केळी पिकवत आली आहेत आणि ऑस्ट्रेलियातील पहिला गुरुद्वारा १९६८ मध्ये त्याच गावात उभा राहिला. आता बऱ्याच जणांनी केळी काढून ब्लूबेरी लावली आहे. लंगरमध्ये जेवताना एका आजींनी मला हिंदीत कामाचे विचारले. टलीची शेड म्हटल्यावर त्यांनी माझा हात उलटा करून बोटे पाहिली आणि म्हणाल्या, “चीक अजून गेला नाही.”

केळीवाला

आणि तिथल्या केळ्याची चव?

तापीकाठची

दादा, गंमत म्हणजे टलीत तीन महिने मी हिरवे केळेच पाहिले, कारण पिकवण्याचे काम मोठ्या शहरांजवळच्या कोठारांत होते. पिकलेले खाल्ले ते सिडनीत, गाडी विकली त्या दिवशी. दिसायला एकसारखे, सालीला एकही डाग नाही, गोडीला आपल्यापेक्षा थोडे कमी. त्याच भागातून ते आले असेल तर सव्वादोन हजार किलोमीटर त्याने काही दिवसांत कापले असतील. आम्हाला अकरा आठवडे आणि एक रेडिएटर लागला.